क्षणाचा दाब मोजणारे हॉपकिन्सन

मोटारीची टक्कर होते तेव्हा तिचा पत्रा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चुरगळतो. हाच पत्रा यंत्रात धरून सावकाश ओढला, तर त्याचे वागणे निराळे असते. अतिवेगवान आघाताखाली पदार्थ कसा वागतो, हे तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ज्या साधनाचा आधार घेतात, त्याचे नाव ‘हॉपकिन्सन बार’. या नावामागे केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन आहेत, आणि त्यांच्यामागे त्यांच्या वडिलांनी मांडून ठेवलेला एक प्रश्न.

बर्ट्राम यांचा जन्म ११ जानेवारी १८७४ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वडील जॉन हॉपकिन्सन नामवंत अभियंते व वैज्ञानिक होते. १८७२ मध्ये त्यांनी लोखंडी तार टांगून, तिच्यावरून घसरत येणारे वजन खालच्या टोकावर आदळवण्याचे प्रयोग केले. तार तुटणे न तुटणे हे वजन किती जड आहे यापेक्षा ते किती उंचीवरून, म्हणजेच किती वेगाने आले यावर अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. तार कधीकधी आघाताच्या जागी न तुटता वरच्या, घट्ट बांधलेल्या टोकाशी तुटे. आघाताचा तरंग तारेतून धावतो आणि बांधलेल्या टोकावरून परतताना तेथील ताण दुप्पट करतो, हे त्याचे कारण होते.

बर्ट्राम यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचे शिक्षण घेतले, मात्र व्यवसाय निवडला वकिलीचा. २७ ऑगस्ट १८९८ या दिवसाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. स्वित्झर्लंडमध्ये आरोलानजीक गिर्यारोहण करताना जॉन, त्यांचा एक मुलगा व दोन मुली असे चौघे मृत्युमुखी पडले. चोवीस वर्षांच्या बर्ट्राम यांनी वकिली सोडली आणि वडिलांचे अभियांत्रिकीचे काम हाती घेतले. १९०३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते केंब्रिजमध्ये उपयोजित यामिकीचे प्राध्यापक झाले.

तेथे त्यांनी वडिलांचा प्रयोग पुन्हा हाती घेतला. १९०५ च्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले, की सुमारे एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून कमी काळ टिकणारा ताण, सावकाश ओढल्यास तार तोडू शकेल इतका असला तरी तार तो सोसू शकते. धातूच्या बळाला काळाचेही परिमाण असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पण इतक्या अल्प काळातला दाब मोजायचा कसा? १९१४ मध्ये बर्ट्राम यांनी काढलेला तोडगा विलक्षण साधा होता. पोलादी दांडा दोरांनी आडवा टांगायचा आणि त्याच्या एका टोकाशी स्फोट घडवायचा किंवा बंदुकीची गोळी आदळवायची. दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा छोटा तुकडा चुंबकाने चिकटवलेला असे. दाबाचा तरंग टोकापर्यंत जाऊन ओढ बनून परते. ही ओढ सांध्याला सोसत नसल्याने तुकडा सुटून उडे. लहानमोठे तुकडे लावून, प्रत्येकाने नेलेला संवेग मोजला, की दाब किती होता आणि किती काळ टिकला, याचा हिशेब मिळत असे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी आपले सारे ज्ञान संरक्षण संशोधनाला दिले. पाणतीरापासून जहाजांचा बचाव, विमानांची शस्त्रसज्जता अशा प्रश्नांवर त्यांनी काम केले. विमानांच्या प्रश्नांचा उलगडा जमिनीवर बसून होणार नाही, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ते स्वतः वैमानिक झाले. २६ ऑगस्ट १९१८ रोजी खराब हवामानात एकट्याने लंडनकडे जाताना त्यांचे विमान कोसळले. वडिलांच्या अपघाताला वीस वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस उरला होता. मागे पत्नी आणि सात मुली राहिल्या.

१९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांड्यांच्या मध्ये पदार्थाचा नमुना ठेवून हे तंत्र पुढे नेले. एका सेकंदात मूळ लांबीच्या हजारपट बदल व्हावा अशा गतीने नमुना दाबला जातो. प्रत्यक्ष चाचणी मात्र सेकंदाच्या अगदी छोट्या अंशातच आटोपते. मोटारीचा पत्रा, शिरस्त्राण, चिलखत यांची रचना करताना अशाच चाचण्यांचे आकडे हाताशी असतात. बर्ट्राम यांना अवघे चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले; पण वडिलांच्या तारेपासून सुरू झालेला प्रश्न त्यांनी मोजता येण्याजोगा करून ठेवला.