सूर्याला कामाला लावणारा डॉक्टर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये थोरांचं चरित्र म्हटलं की एडिसन, टेस्ला, विश्वेश्वरय्या ही नावं ठरलेली! मी यावेळी चक्क एका डॉक्टरबद्दल लिहिते आहे. गेरहार्ड मायर-श्विकेराथ. नाव घेताना जीभ अडखळते, हे मान्य. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जगात हे नाव फार मोठं आहे. आणि तुमच्या घरी कुणा मधुमेही आजी-आजोबांच्या डोळ्याला 'लेझर मारलं' असेल, तर या माणसाचं थोडं ऋण तुमच्यावरही आहे.

त्यांचा जन्म ११ जुलै १९२० चा, जर्मनीतल्या एल्बरफेल्डचा. तारुण्य दुसऱ्या महायुद्धात गेलं. १९४५ च्या मे महिन्यात युद्ध संपलं तेव्हा हॅम्बुर्ग शहर बॉम्बहल्ल्यांनी पार उद्ध्वस्त झालेलं होतं. याच हॅम्बुर्गच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात हा तरुण डॉक्टर डोळ्यांच्या विभागात काम करू लागला.

९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण झालं. मायर-श्विकेराथ यांचा पंचविसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर आला होता. ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलेले रुग्ण नंतर दवाखान्यात आले. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर बरोबर मध्यभागी भाजल्याचा व्रण होता. भिंगातून ऊन एकवटून कागद जाळायचा उद्योग आपण सगळ्यांनीच लहानपणी केलाय. इथे भिंग म्हणजे डोळ्याचंच, आणि कागद म्हणजे पडदा!

असे व्रण त्याआधीही डॉक्टरांनी पाहिले होते. ग्रहणाकडे बघू नका, हेच त्यातून सगळ्यांनी सांगितलं. आपल्याकडेही आजी तेच सांगते. मायर-श्विकेराथ यांच्या मनात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. हा व्रण त्यांना ओळखीचा वाटला. त्या काळी डोळ्याचा पडदा फाटून सुटायला लागला की डॉक्टर विजेच्या उष्णतेने बाहेरून डाग द्यायचे. डागाचा व्रण धरला की पडदा मागच्या थराला चिकटून राहायचा. त्यासाठी डोळ्यावर शस्त्रक्रिया करून मागच्या बाजूपर्यंत पोचावं लागे. उन्हाने झालेला व्रण अगदी तसाच दिसत होता, आणि तो कुठेही न कापता झाला होता. मग हाच डाग आपण मुद्दाम, हव्या त्या जागी आणि हवा तेवढाच दिला तर?

कल्पना सुचणं एक आणि सेटअप उभा करणं दुसरं, हे प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही सांगायला नको. एवढा प्रखर उजेड आणायचा कुठून? उत्तर सोपं होतं, सूर्याकडून! हॉस्पिटलच्या गच्चीवर त्यांनी आरसे आणि भिंगं जुळवून स्वतःच एक यंत्र तयार केलं. त्यातून उन्हाचा झोत रुग्णाच्या बाहुलीतून आत सोडायचा. १९४९ मध्ये या जुगाडाने त्यांनी रुग्णाच्या पडद्यावर प्रकाशाने यशस्वी उपचार केला. सुरी नाही, टाका नाही, फक्त प्रकाश.

पण हॅम्बुर्गचं आकाश म्हणजे ढगांचं माहेरघर. रुग्ण तयार, डॉक्टर तयार आणि सूर्यच गैरहजर! शिवाय सूर्य एका जागी थांबत नाही, त्यामुळे आरसे सारखे फिरवावे लागत. मग त्यांनी कार्बन आर्कचा दिवा वापरून पाहिला. त्यात कार्बनच्या कांड्या जळत जातात आणि उजेड स्थिर ठेवणं अवघड असतं. पुढे त्यांना झाइस कंपनीचे हान्स लिटमान भेटले. डॉक्टर आणि इंजिनिअर यांनी मिळून झेनॉन वायूच्या उच्च दाबाच्या दिव्याचं यंत्र बनवलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आलं आणि देशोदेशी गेलं. १९५९ मध्ये मायर-श्विकेराथ एसेन शहरातल्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख झाले. एसेनला डॉक्टर शिकायला येऊ लागले.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे झकास यशोगाथा. पण मला हा माणूस महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या भागामुळे.

प्रकाशाचं हे हत्यार हाती आल्यावर डॉक्टरांनी ते मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यांवरही वापरायला सुरुवात केली. या आजारात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो आणि नव्या पण कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कधीही फुटून डोळ्यात रक्त साचतं, पडदा ओढला जातो आणि माणूस आंधळा होतो. पडद्यावर प्रकाशाचे शेकडो डाग दिले तर या वाहिन्या सुकतात, असं काही डॉक्टरांना दिसत होतं. ऐकायला विचित्र आहे ना? पडदा वाचवण्यासाठी पडदाच जाळायचा! पण आपण लोडशेडिंगच्या राज्यातले लोक आहोत, आपल्याला हे चटकन कळेल. पुरवठा कमी असेल तर काही भागाची वीज तोडायची, म्हणजे महत्त्वाचं फीडर चालू राहतं. कडेच्या पडद्याची ऑक्सिजनची मागणी कमी करायची आणि मधली नजर वाचवायची, साधारण असा हा हिशेब. अर्थात हे कारण तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

त्याच काळात आणखी एक उपाय चालू होता. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पौल्सन या डॉक्टरांनी एका मधुमेही बाईंची केस छापली. बाळंतपणानंतर तिची पिट्यूटरी ग्रंथी निकामी झाली होती आणि त्यानंतर तिचे डोळे चक्क सुधारले होते. झालं! मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी मुद्दाम काढायची किंवा नष्ट करायची, असे उपचार सुरू झाले. काहींना फायदा दिसला, पण ग्रंथी गेल्यावर माणूस जन्मभर हॉर्मोनच्या औषधांवर. म्हणजे बघा, एक उपाय ग्रहणाच्या रुग्णांवरून सुचलेला, दुसरा एका बाळंतिणीवरून. दोन्हींच्या मागे हुशार डॉक्टर होते, आणि बरे झालेले रुग्णही होते. मग खरा उपाय कोणता?

१९६८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एअरली हाऊस इथे या विषयावरचे तज्ज्ञ जमले. एसेनच्या दवाखान्याचे निकालही त्या परिषदेच्या ग्रंथात आहेत. पण एक गोष्ट स्पष्ट होती. या आजारात काही डोळे उपचार न करताही काही काळ बरे राहतात. त्यामुळे माझे इतके रुग्ण सुधारले, एवढं सांगून काहीच सिद्ध होत नाही. उपचार न केलेल्यांचं काय झालं, हेही मोजायला हवं. आपल्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल सॅम्पल कुठाय?

त्यातूनच डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी हा मोठा प्रयोग उभा राहिला. अमेरिकेतली १५ केंद्रं, १७०० हून अधिक रुग्ण, आणि १९७२ पासून भरती. योजना फार सुंदर होती. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्याला प्रकाशाचे डाग द्यायचे आणि दुसऱ्याला नाही. कुठला डोळा, हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. दोन्ही डोळे एकाच माणसाचे, म्हणजे वय, साखर, रक्तदाब सगळं सारखं. यापेक्षा चांगली जोडी कुठे मिळणार? शिवाय यंत्रंही दोन होती. काही रुग्णांना झेनॉनचा दिवा, काहींना तेव्हा नवीनच असलेलं आर्गन लेझर.

प्रयोग म्हणून सुंदर, पण माणूस म्हणून विचार केला की पोटात गोळा येतो. त्या रुग्णांनी आपला एक डोळा विनाउपचार ठेवायला संमती दिली होती. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची नजर जवळजवळ गेली. उपचार केलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक इतका ठळक होता की १९७६ मध्ये नियम बदलले आणि जास्त धोक्यात असलेल्या राखीव डोळ्यांनाही उपचार द्यायला सुरुवात झाली. काहींच्या बाबतीत तोवर उशीर झाला होता. हे आकडे म्हणजे नुसता डेटा नाही, हे मी लिहिताना विसरू शकत नाही.

मायर-श्विकेराथ तेव्हा ५६ वर्षांचे होते. ग्रहणानंतर सुचलेली कल्पना आता आकड्यांनी सिद्ध झाली होती. पण त्याच प्रयोगाने दुसरंही एक सत्य दाखवलं. झेनॉनच्या दिव्याने डोळ्याला होणारं नुकसान, म्हणजे कडेची नजर आक्रसणं आणि दृष्टी थोडी कमी होणं, आर्गन लेझरपेक्षा जास्त होतं. म्हणजे कल्पना जिंकली, पण यंत्र हरलं! ज्या यंत्रासाठी गच्चीवरून सुरुवात केली, ते हळूहळू मागे पडलं आणि लेझरने त्याची जागा घेतली. पिट्यूटरी नष्ट करण्याचा उपायही मागे पडला.

पुढे प्रश्न विचारायची ही पद्धतच रूढ झाली. डोळ्यात रक्त साचलं तर लगेच ऑपरेशन करायचं की वर्षभर थांबायचं? १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात लगेच ऑपरेशन केलेल्या डोळ्यांपैकी २५ टक्क्यांना दोन वर्षांनी चांगली नजर मिळाली, थांबलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. २०१५ मध्ये तर खुद्द लेझरचीच परीक्षा झाली. डोळ्यात द्यायचं रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन दोन वर्षांत लेझरपेक्षा कमी पडलं नाही. मात्र इंजेक्शनसाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात यावं लागतं, आणि मध्येच येणं बंद केलं तर डोळ्याला मोठा धोका असतो. खेड्यातून एसटीने येणाऱ्या, रोजंदारी बुडवणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा छोटा नाही. म्हणूनच प्रकाशाचे डाग आजही वापरात आहेत.

२० जानेवारी १९९२ ला मायर-श्विकेराथ एसेनमध्ये वारले. आपल्याला त्यांच्यातला गच्चीवर यंत्र जुळवणारा माणूस लगेच आवडतो, कारण तो आपल्या जातीचा आहे. पण त्यांच्या चरित्राचा उरलेला अर्धा भाग त्यांनी लिहिलाच नाही. तो त्या सतराशे लोकांनी लिहिला, ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. कल्पना एका माणसाला सुचते. ती खरी आहे की नाही, हे ठरवायला मात्र कुणीतरी आपला एक डोळा पणाला लावलेला असतो. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करण्याआधी एवढं आठवलं, तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं म्हणेन.