ग्रेस हॉपर

उन्हाळ्याची सुटी घालविण्यासाठी न्यूयॉर्कचे मरे कुटुंब ज्या घरी जात असे, तेथे सात गजराची घड्याळे होती. थोरली मुलगी ग्रेस तेव्हा सात वर्षांची होती. ठरलेल्या वेळी घंटा आपोआप कशी वाजते, हे कोडे तिला सुटेना. तिने एक घड्याळ उघडले. आतील चाके भराभर बाहेर आली. परंतु ती पुन्हा जागेवर बसेनात. मूळची जोडणी पाहावी म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या ध्यानात हा प्रकार आला, तेव्हा सातही घड्याळे सुटी झाली होती. तेव्हापासून तिला एकच घड्याळ खोलण्याची मुभा राहिली.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळावे, असे तिच्या वडिलांचे मत होते. १९३४ साली तिने येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळविली. विवाहानंतर ग्रेस हॉपर झालेल्या ह्या विदुषी व्हासार महाविद्यालयात गणित शिकवू लागल्या.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी नौदलात जाण्याचे ठरविले. वय अधिक आणि वजन १५ पौंडांनी कमी, अशा दोन अडचणी होत्या. तरीही १९४३ साली त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढील वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क एक’ ह्या गणकयंत्रावर झाली. संगणकाचा हा पूर्वज ५१ फूट लांब होता. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला एकामागून एक आज्ञा द्याव्या लागत. एक भोक चुकले की सारे गणित चुके.

पुढे ‘मार्क दोन’ हे यंत्र आले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका विद्युत्‌-कळीत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटविण्यात आला. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, हे नाव त्या दिवसापासून पडले असे अनेक जण समजतात. ते खरे नव्हे. तो शब्द जुनाच होता, आणि पतंगही हॉपरबाईंनी पकडलेला नव्हता. त्यांनी ही हकिकत आवडीने सांगितली, एवढेच.

खरे दोष डोळ्यांना दिसत नसत. नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे गट वह्यांत लिहून ठेवलेले असत. १९४९ साली हॉपरबाई ‘युनिव्हॅक’ यंत्र बनविणाऱ्या कंपनीत गेल्या. तेथेही जुना गट नव्या आज्ञावलीत हाताने उतरवून घेण्याची रीत होती. उतरविताना कोणाच्या हातून ४ ह्या अंकाचा त्रिकोण होई, आणि त्रिकोण ही तर मोकळ्या जागेची खूण होती! कोणाच्या हातून इंग्रजी ‘बी’चा १३ होई. बुलढाणा जिल्ह्यातील धाड गावच्या पत्रावर ‘ड’ऐवजी ‘र’ पडला, तर ते मध्य प्रदेशातील धार शहराची वाट धरील. त्यातलाच हा प्रकार.

दुसरी अडचण पत्त्यांची होती. यंत्राच्या स्मृतीतील प्रत्येक खणाला क्रमांक असतो. वहीतील प्रत्येक गट शून्य क्रमांकापासून लिहिलेला असे. तो आज्ञावलीत १०० व्या खणापासून बसवावयाचा, तर त्यातील प्रत्येक पत्त्यात १०० मिळवावे लागत. एके ठिकाणी बेरीज चुकली की यंत्र भलत्याच खणात जाई आणि काम बंद पडे. आज्ञांचे गट निर्दोष, परंतु त्यांची जोडणी सदोष! हॉपरबाईंनी विचार केला, की नक्कल आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामे. ती माणसाने का करावीत?

त्यांनी प्रत्येक गटाला एक क्रमांक देऊन ते चुंबकीय फितीवर साठविले. फक्त क्रमांक लिहिले की यंत्र ते गट शोधी, पत्ते सुधारी व सर्वांची जोडणी करी. १९५२ मध्ये हा ‘ए-शून्य’ कंपायलर चालू लागला. यंत्र केवळ आकडेमोड करते, आज्ञावली तयार करू शकत नाही, अशी समजूत तेव्हा इतकी दृढ होती, की चालू कंपायलरवरही लोकांचा विश्वास बसेना.

त्यांच्या कंपायलरकडे असलेले जोडणीचे काम आज बहुधा ‘लिंकर’ नावाची वेगळी आज्ञावली करते. तथापि जुना घोटाळा नव्या वेषात येतोच. एका भागाची मांडणी एक संख्या चार बाइटांत ठेवते. दुसरा भाग वेगळ्या मांडणीने तयार झालेला असल्यामुळे तीच संख्या आठ बाइटांची समजून वाचतो. आज्ञांची एकेक ओळ तपासली तरी चूक सापडत नाही, आणि आज्ञावली मात्र मध्येच कोसळते. अशा वेळी सर्व भाग एकाच कंपायलरने व एकाच मांडणीने पुन्हा तयार करून पाहावे लागतात.

कंपायलरही चुकू शकतो, हे हॉपरबाई जाणून होत्या. १९६६ साली त्या नौदलातून निवृत्त झाल्या. परंतु १९६७ साली सहा महिन्यांसाठी त्यांना परत बोलाविण्यात आले. ‘कोबोल’ ही संगणकभाषा त्यांच्याच पूर्वीच्या कामावर उभी राहिली होती. ती एक असली तरी प्रत्येक कंपनीचा कंपायलर निराळा होता. एका यंत्रावर सुरळीत चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडून बसे. त्यांच्या गटाने कंपायलरांचीच परीक्षा घेणाऱ्या आज्ञावल्या रचल्या. मग कोणता कंपायलर कोठे चुकतो, हे उघड दिसू लागले.

ते सहा महिने एकोणीस वर्षे लांबले! १९८६ साली रिअर अ‍ॅडमिरल हॉपर ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या कार्यालयातील भिंतीवरचे घड्याळ उलट्या दिशेने फिरे, पण वेळ बरोबर दाखवी. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ साली अमेरिकी नौदलात दाखल झाली.