कारवारचे अळीवेडे बेलसाहेब

कण्हेरीच्या विषारी पानांना गुरेही तोंड लावत नाहीत. पण शेपटीवर शिंग मिरवणारी एक गलेलठ्ठ अळी तीच पाने खाऊन पोसते आणि पुढे तिचा हॉक मॉथ होतो, फुलापुढे हवेत स्थिर राहून मध शोषणारा पतंग. अशा पतंगांचा जीवनक्रम उलगडण्यात टी. आर. बेल यांनी आयुष्य वेचले.

१८६३ साली आयर्लंडमध्ये जन्मलेले बेल १८८४ मध्ये इथल्या वनखात्यात आले. मुंबई इलाख्यातल्या कारवारच्या रानात एटकिन आणि डेव्हिडसन या मित्रांसह ते अळ्या शोधू लागले. मेलेले पतंग टाचून ठेवण्यात त्यांचे समाधान नव्हते. अळ्या घरी पाळून कोणती कशावर जगते, हे ते टिपत. अशा काही अळ्यांतून पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाश्या निघतात. अळीच्या रक्तपेशी परक्या अंड्याला वेढून मारू पाहतात, पण दर वेळी त्यांची सरशी होत नाही.

१९२० मध्ये निवृत्त झाल्यावरही बेल कारवारलाच राहिले. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा हॉक मॉथवरील ग्रंथ १९३७ साली निघाला. १९४८ मध्ये ते वारले.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांभोवती कण्हेर, तगर लावणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे घ्यावे: पाने कुरतडते म्हणून अळी मारली, तर रात्री फुलांचे पराग वाहणारा पतंगही उरत नाही.