शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर

पोळ्याच्या वेळी आपण मातीचे बैल करतो. आपल्या यवतमाळकडची काळी माती वाळली की तडकते, शिंग गळून पडतं, आणि पुन्हा करावं लागतं. अशाच मातीत हात घालून एक खेड्यातला मुलगा मोठा शिल्पकार झाला. त्याची ही गोष्ट.

विनायक करमरकर यांचा जन्म 1891 साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. घरात गणपती घडवण्याची परंपरा होती, त्यामुळे मातीची ओळख लहानपणीच झाली. त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिले आणि या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची वाट करून दिली. ते चित्र कुणी पाहिलंच नसतं तर? विचार करून बघा.

पुढे त्यांनी कलकत्त्यात काम केले आणि 1920 च्या सुमारास शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. परत आल्यावर त्यांच्याकडे पुण्याच्या अश्वारूढ शिवपुतळ्याचे काम आले. उंची सुमारे साडेतेरा फूट! आधी मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा आणि शेवटी कांस्याचा रस. हा पुतळा तुकडे न जोडता एकसंध ओतायचा होता. रस मध्येच थिजला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती. पण ओतकाम साधलं आणि 1928 साली पुतळ्याचे अनावरण झाले.

पुढे त्यांनी सिमेंटमध्येही शिल्पे केली. कोळीण, म्हैस अशी रोजच्या जगण्यातली माणसं नि जनावरं त्यांनी घडवली. 1967 साली त्यांचे निधन झाले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज शिल्पसंग्रहालय आहे.

आता संगणकावरही मूर्ती घडवता येते आणि थ्रीडी प्रिंटरवर छापता येते. तिथे चूक झाली तर एका बटणाने मागे जाता येतं. मातीत तसं नाही. पण नाकाचा उंचवटा, मानेचा कल, अंगाचं प्रमाण हे दोन्हीकडे डोळ्यांनीच शिकावं लागतं.

करून पाहा : मातीचा एक बैल करा. त्याच्याभोवती फिरत मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढा. कोणत्या बाजूने तो बैल वाटत नाही, ते शोधा आणि तेवढाच भाग पुन्हा घडवा.