एक डॉलरचा शोध

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला बालदिन आठवतो. पण हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळतात. कारण १४ नोव्हेंबर १८९१ ला कॅनडातल्या अ‍ॅलिस्टन गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी फ्रेडरिक बँटिंगचा जन्म झाला. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

बँटिंग पाच भावंडांत शेंडेफळ. टॉपर वगैरे अजिबात नव्हता. टोरोंटो विद्यापीठात आर्ट्सला गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. १९१२ मध्ये त्याने मेडिकल धरलं. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून गेला. १९१८ मध्ये कॅम्ब्रेच्या लढाईत स्वतः जखमी असूनही तो दुसऱ्या जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. १९२० मध्ये त्याने लंडनला दवाखाना थाटला. इंग्लंडचं नव्हे, कॅनडातलं लंडन! पहिल्या महिन्याची कमाई किती, तर ४ डॉलर.

आता थोडा फंडा. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती दोन कामं करते. पाचक रस नळीतून आतड्यात सोडते आणि हार्मोन्स थेट रक्तात सोडते. जेवल्यावर रक्तातली साखर वाढली की तिच्यातल्या पेशींचे छोटे पुंजके इन्सुलिन सोडतात. मग स्नायू साखर आत घेतात आणि यकृत ती साठवून ठेवतं. साखर कमी झाली की ग्लुकागॉन सुटतं आणि यकृत साठा मोकळा करतं. म्हणजे चक्क निगेटिव्ह फीडबॅक! इन्सुलिन बंद पडलं, की रक्तात साखर भरपूर आणि पेशी मात्र उपाशी.

माझी हॉस्टेलची रूममेट टाइप वन डायबेटिक आहे. मेसमध्ये ताट घेण्याआधी ती बोटाला टोचून शुगर बघते, आज भात जास्त की पोळी याचा अंदाज घेते, युनिट्सचा हिशोब करते आणि पोटात सुई टोचून घेते. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर आपण वर्षातून एकदा देतो, ती दिवसातून चार वेळा देते. १९२१ च्या आधी तिच्यासारख्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे मरण थोडं लांबायचं. एवढाच उपचार होता.

स्वादुपिंड काढलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ पासून ठाऊक होतं. मग त्या ग्रंथीचा अर्क टोचायचा, सोपं आहे! पण पाचक रसामुळे हार्मोनच नष्ट होत असावं, असा समज होता. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री लेक्चरची तयारी करताना बँटिंगने एक लेख वाचला. झोप येईना. मध्यरात्र उलटून गेल्यावर उठून त्याने वहीत कल्पना टिपून ठेवली: नळी बांधून टाकायची, पाचक पेशी सुकू द्यायच्या आणि उरलेल्या भागाचा अर्क काढायचा.

टोरोंटोचे प्रोफेसर मॅक्लिऑड फारसे खूश नव्हते, तरी त्यांनी लॅब, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झालं. कुत्री मरत होती, प्रयोग फसत होते. शेवटी जुलैअखेर अर्काने एका कुत्र्याची साखर उतरली. गंमत म्हणजे नळी बांधायची गरजच नव्हती, हे नंतर कळलं. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडातून अल्कोहोल वापरून अर्क निघत होता. म्हणजे कल्पना अर्धवट चुकीची, पण तिनेच दार उघडलं.

११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, फायदा नगण्य. जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टने अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचलं आणि साखर उतरली. तो मुलगा आणखी १३ वर्षं जगला.

१९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकले. त्याच वर्षी नोबेल मिळालं, पण बँटिंग आणि मॅक्लिऑडला. बेस्टला वगळलं म्हणून बँटिंग भडकला आणि त्याने आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली. मग मॅक्लिऑडनेही कॉलिपला अर्धी दिली. बँटिंग काही साधुसंत नव्हता. तो तापट होता, मॅक्लिऑडशी त्याचं कधी पटलं नाही. फावल्या वेळात तो निसर्गचित्रं मात्र सुंदर काढायचा. फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धाच्या कामासाठी इंग्लंडला निघालेलं त्याचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. वय अवघं ४९.

इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, पण माणूस जगतो. आणि शंभर वर्षांनंतरही जगात कित्येकांना ते परवडत नाही. १ डॉलरला दिलेल्या शोधाची ही दशा मला तरी पटत नाही. आज सेन्सर साखर मोजतो आणि पंप आपोआप इन्सुलिन सोडतो, पण ही यंत्रं महागडी आहेत. ती स्वस्त करणं हे डॉक्टरांचं नाही, आपलं काम आहे. तर मंडळी, फायनल इयर प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?