बी. प्रभा : श्रमिक स्त्रीला रंगवैभव देणारी चित्रकर्ती

नागपूर जिल्ह्यातील बेला येथे १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांनी श्रमिक स्त्रीला आधुनिक भारतीय चित्रकलेत मानाचे स्थान दिले. नागपूरनंतर त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतील प्रदर्शनातच डॉ. होमी भाभा यांनी त्यांची तीन चित्रे विकत घेतली. पुढे अमूर्त शैली मागे ठेवून त्या मानवाकृतींकडे वळल्या. उंच मानेच्या, सडपातळ कोळिणी आणि फुले विकणाऱ्या स्त्रिया त्यांनी एकाच तेजस्वी रंगाच्या प्राबल्याने साकारल्या. रंग झळाळते असले, तरी त्या चेहऱ्यांवर हसू क्वचितच उमटते. दुष्काळ, भूक आणि बेघरपणा हेही त्यांचेच विषय होते. २००१ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कलाकृती जतन केलेल्या आहेत.