मेंदूचा चित्रकार

स्पेन देशाच्या उत्तर भागातील पेतिया या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. मुलानेही वैद्य व्हावे अशी त्यांची इच्छा. परंतु मुलाचे सारे चित्त चित्रकलेत गुंतलेले. कोरा कागद किंवा पांढरी भिंत दिसली की त्याचे हात शिवशिवत. वडिलांना हा निव्वळ कालापव्यय वाटे. त्यातच सांतियागोच्या खोड्यांना अंत नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने घरीच एक तोफ तयार केली आणि शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवून दिले! या पराक्रमापायी त्याला काही दिवस कोठडीची हवा खावी लागली. पुढे वडिलांनी त्याला केशकर्तनाच्या व जोडे शिवण्याच्या दुकानांत उमेदवारीस ठेवले. पण चित्रांचा नाद सुटला नाही.

अखेर १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी निराळीच युक्ती योजली. ते मुलाला एका जुन्या दफनभूमीत घेऊन गेले, तेथील हाडे गोळा केली आणि त्यांची चित्रे काढावयास सांगितले. हाडे रेखाटता रेखाटता सांतियागोला शरीररचनेची गोडी लागली. जो नाद मोडावा म्हणून वडील झटत होते, त्याचाच आधार त्यांना घ्यावा लागला.

सारागोसा येथून १८७३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबा बेटावर गेले. तेथे हिवतापाने ते पुरते खंगले आणि १८७५ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर त्यांनी अध्यापन व संशोधन हेच आपले जीवितकार्य ठरविले.

मेंदू व मज्जातंतू चेतापेशींचे बनलेले असतात. त्या काळी बहुतेक विद्वानांची अशी समजूत होती की, या पेशींचे धागे एकमेकांत मिसळून त्यांचे एकच अखंड जाळे बनलेले असते. इटलीतील कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधून काढली होती. या रीतीचे वैशिष्ट्य असे की, असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी रंगत. परंतु ज्या रंगत, त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसत. १८८७ मध्ये माद्रिद येथे काहाल यांनी असे नमुने पाहिले आणि ते थक्क झाले. त्याच वर्षी ते बार्सिलोना येथे प्राध्यापक झाले.

प्रौढ प्राण्याच्या मेंदूत मात्र ही रीत नीट साधत नसे. तेथे धाग्यांवर मेदाचे आवरण चढलेले असते आणि त्यांची गर्दीही विलक्षण असते. करवंदीच्या जुन्या जाळीत कोणती फांदी कोणत्या मुळाची, हे सांगता येते काय? नुकत्याच उगवलेल्या रोपांविषयी ती अडचण नसते. म्हणून काहाल यांनी अंड्यातील पिलांचे आणि नवजात प्राण्यांचे मेंदू तपासावयास घेतले. सूक्ष्मदर्शक यंत्रावर तासन् तास बसून ते जे दिसे ते कागदावर उतरवीत. आता वडिलांनी धिक्कारलेला हातच त्यांच्या उपयोगी पडला. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. तिचा धागा दुसरीपाशी येऊन थांबतो, तिच्यात मिसळून जात नाही, असे त्यांना आढळले. १८८८ मध्ये त्यांनी हा शोध पदरमोड करून काढलेल्या नियतकालिकात छापला. स्पॅनिश भाषेतील ते लेखन वाचतो कोण? तेव्हा १८८९ मध्ये ते आपले नमुने घेऊन बर्लिनच्या शास्त्रज्ञ-परिषदेस गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत त्यांनी एकेकाला यंत्रापाशी बोलाविले. कोलिकर या वयोवृद्ध पंडितांनी डोळा लावून पाहिले आणि आपले जुने मत सोडून दिले. गोल्जी यांनी मात्र ते कधीच सोडले नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही आपल्या भाषणात त्यांनी काहाल यांच्या मताला विरोधच केला!

लंडन येथे १८९४ मध्ये दिलेल्या व्याख्यानात काहाल यांनी आणखी एक विचार मांडला होता. पेशी स्वतंत्र असतील, तर त्यांच्यामधील जोडण्या बदलू शकतील. सरावाने त्या वाढतील व बळकट होतील. हे त्यांचे अनुमान होते. ते पडताळण्याची साधने तेव्हा नव्हती.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दिसली. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी ती अरुंद असते.

१९९८ मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात उंदरांच्या नवजात पिलांच्या चेतापेशी काचपात्रात वाढवून एक प्रयोग करण्यात आला. औषध घालून पेशींमधील संदेशांची ये-जा दोन दिवस बंद ठेवली, तेव्हा जोडण्या दुबळ्या झाल्या नाहीत, उलट अधिक बळकट झाल्या. बोलणाऱ्याचा आवाज क्षीण झाला की आपण कान टवकारतो ना, तसेच हे! संदेश टिपणारे कण पेशी आपल्या पृष्ठभागावर वाढविते, असे पुढे दिसून आले. याउलट संदेशांचा भडिमार केला, तेव्हा त्याच जोडण्या सौम्य झाल्या. वाढत्या पेशी अशा रीतीने आपला तोल सांभाळतात. सरावाने जोडण्या बळकट होतात, हे काहाल यांनी ओळखले होते. शांततेतही त्या बळकट होतील, ही गोष्ट मात्र त्यांच्या अनुमानात नव्हती.